सिस्टरांनी संगणक साफ केला

ऑपरेशन थिएटरमध्ये उभं आयुष्य काढलेल्या बाईला पसारा खपत नाही, हे सिस्टरांच्या ओळखीतल्या कोणालाही वेगळं सांगावं लागत नसे. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणे. दूधवाला म्हणे, तळमजल्यावरचा शिंपी म्हणे, आणि जिन्यात पाणी सांडण्यावरून भांडायला आलेली माणसंही भांडणाची सुरुवात "हे बघा सिस्टर" अशीच करत. पोट शिवण्याआधी आत गेलेला प्रत्येक बोळा, प्रत्येक चिमटा बाहेर आला की नाही, हे पाहणं त्यांचं काम. त्यांनी "पूर्ण" म्हटल्याशिवाय टाके घालायला कोणी सुई उचलत नसे. आत काही राहता कामा नये, एवढं एकच तत्त्व त्यांनी नोकरीत पाळलं आणि घरातही.

अशा बाईच्या घरात एक लॅपटॉप होता आणि त्याच्या पोटात काय काय भरलंय याचा त्यांना पत्ता नव्हता. यजमान गेले त्या वर्षी मुलाने तो आणून दिला होता. मुलगा म्हणजे सोन्या. चाळिशी ओलांडलेला, कपाळ मागे मागे सरकत चाललेला, मोठ्या कंपनीत हाताखाली पुष्कळ माणसं असलेला. पण आईसाठी सोन्याच. "सगळं बसवून दिलंय आई, तू फक्त वापर," म्हणाला आणि गाडी काढून गेला. त्याचं घर तसं फार लांब नव्हतं. माणसाने मनात आणलं तर सकाळी निघून संध्याकाळी परत जाता येईल एवढंच. मनात आणायचीच तेवढी पंचाईत होती.

लॅपटॉपचा उपयोग सिस्टरांना एकाच गोष्टीसाठी व्हायचा, धाकट्या बहिणीला ईमेल लिहायला. बहिणीला ऐकू कमी येई, त्यामुळे फोन म्हणजे दोन्हीकडून नुसता आरडाओरडा. लिहायला लागल्यापासून मात्र दोघी रोज भेटल्यासारख्या झाल्या. गुडघे, शेजारी, औषधं, सुना. सुनांवर तर विशेष. आपली सून आपल्या घरी आली की भाड्याने घ्यायची जागा पाहायला आल्यासारखी खोल्या पाहते, असं सिस्टरांनी एकदा लिहिलं आणि दोघी बहिणी आपापल्या घरी एकेकट्या हसल्या. त्यानंतर सून यायचीच थांबली. तेव्हा सिस्टरांना त्याचं काही वाटलं नाही.

मग मागच्या हिवाळ्यात त्यांनी बहिणीला कळवलं की, एका जुन्या डॉक्टरांची आई अंथरुणाला खिळली आहे, तिच्याजवळ सकाळी बसायचं काम मी घेणार आहे. दिवस खायला उठतो, हात शिवशिवतात. हे त्यांनी दुसऱ्या कोणापाशी बोलून दाखवलं नव्हतं, अगदी त्या डॉक्टरांनाही अजून होकार कळवला नव्हता. आणि लगेच सोन्याचा मेसेज आला: "आई, या वयात दुसऱ्यांची आजारपणं काढायची काही गरज नाही. लोक मला काय म्हणतील?"

सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोन्यावर नव्हे, बहिणीवर. ही गोष्ट तिच्याखेरीज कोणाला माहीत होती? मग सुनेचंही हिनेच सांगितलं असणार. जन्मभर हिचं सगळं आपण निस्तरलं, हिच्या बाळंतपणात रजा काढून राबलो, आणि ही आपल्याच मुलाकडे चुगल्या करते! त्यांनी बहिणीला नाही नाही ते लिहिलं आणि पुन्हा न वाचताच पाठवून दिलं. बहिणीने उलट एक अक्षर लिहिलं नाही. सिस्टर म्हणाल्या, बघा, कुठल्या तोंडाने लिहील! काम तर त्यांनी घेतलं नाहीच. बहीण तुटली, काम गेलं, आणि रोज सकाळी काय करायचं हा प्रश्न तेवढा घरात राहिला.

म्हणून मग त्या वाचनालयात जाऊ लागल्या. तिथे ज्येष्ठांसाठी संगणकाचा फुकट वर्ग भरे. शिकवणारी मुलगी सोन्याच्या निम्म्या वयाची, बोलायला तिखट आणि हाताने चपळ. तिने सगळ्यांना आपापले लॅपटॉप घेऊन यायला सांगितलं होतं, कारण सगळ्यांची तक्रार एकच होती: चालू व्हायला इतका वेळ लागतो की तेवढ्यात चहा करून पिऊन होतो.

"चालू कसा होईल बिचारा?" बाई म्हणाल्या. वर्गात सगळे आजोबासुद्धा तिला बाईच म्हणत. "तुम्ही एक फुकटचा प्रोग्रॅम बोलावता. तो एकटा येतो का? त्याचे साडू, मेव्हणे, चुलत सासरे सगळे ट्रंका घेऊन येतात आणि तुम्ही 'हो, हो, पुढे' दाबत सगळ्यांना घरात घेता."

सगळे हसले. सिस्टर सर्वांत जास्त हसल्या, कारण त्यांच्या लॅपटॉपात तर लग्नघरच भरलं होतं. कधीच मोडून भंगारात गेलेल्या प्रिंटरचा प्रोग्रॅम. रंगीत गोट्या फोडायचा खेळ. संगणकाचा वेग वाढवून देतो म्हणून आलेला आणि तोच सगळ्यात जास्त जागा अडवून बसलेला एक महाभाग. बाईंनी एकेक काढायला शिकवलं. प्रोग्रॅम काढला तरी काम संपत नाही, हेही शिकवलं. तो ज्या फाइलीतून बसवला ती मूळ फाइल 'डाउनलोड्स'मध्ये तशीच पडून असते. तिच्यावर कोणी दोनदा टिचकी मारली की गेलेला पाहुणा पुन्हा दारात. तेव्हा तीही काढायची आणि मग कचऱ्याची टोपलीही रिकामी करायची. हे ऐकून सिस्टरांना बाईंविषयी फारच आदर वाटला. ही मुलगी थिएटरमध्ये शोभली असती, असं त्यांच्या मनात आलं.

"आणि जे ओळखीचं नाही त्याला हात लावू नका. आधी मला विचारा," बाई म्हणाल्या.

सिस्टरांनी एका नावावर बोट ठेवलं. साधंच नाव होतं, 'मदतनीस'. "हा कोण?"

बाई वाकल्या, दोन-तीन ठिकाणी उघडून पाहिलं, आणि त्यांचा आवाज खाली आला. "हा तुम्ही बसवलात?"

"नाही. मला कुठलं येतंय बसवायला."

"तुमचा लॅपटॉप घरी कोण बघतं?"

"मुलगा."

बाईंनी आजूबाजूला पाहिलं, खुर्ची ओढून त्या सिस्टरांच्या अगदी जवळ बसल्या. "काकू, यातून तुमचा पडदा दुसऱ्याला त्याच्या संगणकावर दिसतो. तुम्ही काय उघडलंय, काय लिहिताय, सगळं. पुष्कळ मुलं बसवतात, आईवडिलांना कोणी फसवू नये म्हणून. पण सांगून बसवतात."

"आणि बघतात कधी?"

"वाटेल तेव्हा." बाईंनी एक तारीख दाखवली. "शेवटचं आज सकाळी बघितलंय."

आज सकाळी सिस्टर हवामान बघत होत्या. सोन्याचा फोन त्यांच्या वाढदिवसाला आला होता आणि आता दुसरा वाढदिवस तोंडावर आला होता. तरी आज सकाळी तो इथे होता. त्यांनी गोट्यांचा खेळ खेळताना हरून "मेल्या" असं पडद्याला म्हटलेलं तेवढं त्याला ऐकू गेलं नसेल, बाकी सगळं त्याच्या डोळ्यांसमोर होतं. बहिणीला लिहिलेलं अक्षर न् अक्षर. सुनेचं. कामाचं. यजमानांविषयी कधीतरी अपरात्री लिहिलेलं, जे बहिणीलाही लिहायला त्यांना लाज वाटली होती.

आणि बहीण! तिने कोणाला काही सांगितलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका टाके घालण्याआधी पकडणाऱ्या बाईने आपल्या सख्ख्या बहिणीला विनाकारण कापून टाकलं होतं.

"काढू का मी?" बाईंनी हळूच विचारलं.

"नको. माझ्या घरातलं आहे, मीच काढते."

घरी येऊन त्यांनी तो काढला. चपला काढायच्या आधी काढला; त्या भरात मूळ फाइल तेवढी राहून गेली. मग बहिणीला लिहायला बसल्या. माझं चुकलं, तुझं काही नव्हतं, हा सगळा असा असा प्रकार होता. फार गोडधोड लिहिण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता, तरी शेवटी 'तुझीच' असं लिहिलं आणि पाठवून दिलं.

तेवढ्यात फोन वाजला. सोन्या.

त्याचं नाव पडद्यावर पाहून सिस्टरांना काय झालं ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. मगापासून मनात जे जे ऐकवायचं ठरवलं होतं ते सगळं कुठल्या कुठे गेलं. "सोन्या! कसा आहेस बाळा?"

"मी मजेत. आई, तुझा लॅपटॉप बिघडलाय का? चालू होतोय ना?"

"होतोय की. का रे?"

"नाही, असंच. आज काही काढून-बिढून टाकलंस का त्यातलं?"

"वर्गात साफसफाई शिकवली. नको ते सगळं काढलं."

"अगं, ते 'मदतनीस' होतं ना, ते लागतं. व्हायरसपासून संरक्षण असतं ते. तू एक काम कर, 'डाउनलोड्स' उघड. त्या नावाची फाइल आहे बघ. तिच्यावर दोनदा टिचकी मार आणि विचारेल त्याला हो म्हण."

धादांत खोटं बोलत होता. लहानपणी शाळेतून परस्पर खेळायला जायचा आणि तास जादा होता म्हणून सांगायचा, तोच आवाज. सिस्टरांना कळत होतं. कळत असूनही त्यांनी 'डाउनलोड्स' उघडलं, फाइल शोधली, दोनदा टिचकी मारली, हो म्हटलं, पुन्हा हो म्हटलं. कारण तो बोलत होता. "हां, आता खाली कोपऱ्यात बघ. दिसलं? शाब्बास!" असं म्हणत होता. त्याने एवढ्या मायेने बोलून किती दिवस झाले होते. हे सगळं लवकर आटपू नये म्हणून त्यांनी दोन वेळा मुद्दाम चुकीच्या ठिकाणी टिचकी मारली, हेही सांगून टाकायला हवं.

"झालं. चल आई, ठेवतो, गडबडीत आहे."

फोन बंद झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की, त्याने लॅपटॉपची तब्येत विचारली, आपली नाही. सिस्टर स्वतःवरच इतक्या चिडल्या की ताटातलं जेवण तसंच राहिलं. आपण काय लाचार झालोय! ज्या हाताने काढला त्याच हाताने पुन्हा घरात घेतला, वर शाब्बास म्हणवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बहिणीचं उत्तर आलं. एवढंच होतं: "बरं झालं कळलं. मला वाईट वाटायचं ते वाटून गेलं. आता लिहू नकोस. तो वाचतो."

सिस्टरांनी ते किती वेळा वाचलं याला सुमार नाही. आपण वाचतोय तेव्हा तोही वाचत असेल, हे मनातून जाईना. वाचत असेल तर त्याला थोडी तरी लाज वाटेल, दिवसभरात एखादा फोन करेल, 'आई, माझं चुकलं' म्हणेल, अशी त्यांनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. त्याने ताकास तूर लागू दिली नाही.

मग त्यांच्या डोक्यात एक गोष्ट आली. चांगली होती असं म्हणवत नाही, पण आली. प्रोग्रॅम काढला की फोन येतो. फाइल शिल्लक असते म्हणून फोनवर भागतं. फाइलच नसेल तर? तर त्याला यावं लागेल. चांगला घरी येऊन, चपला काढून, या खुर्चीत बसावं लागेल. मग समोरासमोर बघू. त्याला आधी जेवायला वाढायचं आणि मग विचारायचं. किंवा नाहीच विचारायचं, नुसतं वाढायचं. यातलं कुठलं, ते त्यांचं नक्की होत नव्हतं.

त्यांनी 'मदतनीस' पुन्हा काढला. 'डाउनलोड्स'मधली मूळ फाइल काढली. बाईंनी दाखवलेल्या जागी जाऊन मागे राहिलेलं रिकामं फोल्डर काढलं. टोपली रिकामी केली. पुन्हा एकदा सगळीकडे फिरून आल्या. आत काही राहिलं नव्हतं.

फोन आला. या वेळी सिस्टरांचा आवाज साखरेत घोळवलेला होता. "फाइल? नाही रे दिसत. ती पण काढली वाटतं मी. वर्गात शिकवलं तसं."

पलीकडे सोन्याने सुस्कारा सोडला. "काय आई! थांब, आता बघायलाच लागेल. रविवारी करतो काहीतरी. सकाळी घरी आहेस ना?"

घरी आहेस ना! सिस्टरांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी बैठकीची चादर बदलली, पंख्याची पाती पुसली. शिंप्याने जिन्यात "काय सिस्टर, आज बाजार भरून?" असं विचारलं तेव्हा "मुलगा येतोय," हे त्याला तर सांगितलंच, पण वरच्या मजल्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. त्याला आवडतं ते सगळं रविवारी सकाळीच शिजवून झाकून ठेवलं. सून येईल म्हणून नव्या कपबश्या काढल्या. बोलायचं काय ते मात्र अजून ठरत नव्हतं. दहादा ठरवून दहादा मोडलं. शेवटी एवढंच ठरलं की, आल्या आल्या काही बोलायचं नाही.

बेल वाजली. त्यांनी साडी नीट केली आणि दार उघडलं.

दारात एक अनोळखी माणूस होता. पाठीवर पिशवी, हातात फोन. "नमस्कार. लॅपटॉपचं काम आहे ना? सरांनी पाठवलंय."

सिस्टर त्याच्यामागे जिन्याकडे बघत राहिल्या. कोणी नव्हतं. "सर खाली आहेत का?"

"नाही हो, सरांनी ऑनलाइन बुकिंग केलंय. मी कंपनीचा माणूस. कुठे बसू?"

त्यांनी त्याला आत घेतलं. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष! तो सोन्याच्या खुर्चीत बसला, पेनड्राइव्ह लावला आणि कामाला लागला. झाकलेल्या जेवणाचा वास घरभर पसरला होता. "पाहुणे यायचेत वाटतं?" त्याने सहज विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "यायचे होते."

थोड्या वेळाने त्याने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "मॅडम, इथे तुमचा पासवर्ड टाका आणि 'हो' दाबा. परवानगी तुमची लागते."

पडद्यावर विचारलं होतं, या प्रोग्रॅमला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचे का? खाली 'हो' आणि 'नाही'. सिस्टर नुसत्या बघत बसल्या. तेवढ्यात माणसाचा फोन वाजला. "हो सर, पोचलो. होतच आलंय. त्यांनी फक्त 'हो' दाबायचंय. हो, आहेत, बसल्यात इथेच. ठीक आहेत. देऊ का त्यांना?" मग तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "सर म्हणतात, त्यांना 'हो' दाबायला सांगा."

"द्या इकडे," सिस्टर म्हणाल्या आणि फोन घेतला. "सोन्या, तू का नाही आलास?"

"अगं, एवढ्याशा कामाला मी कशाला? तो करतोय ना. दाब ना 'हो', आई, तो खोळंबलाय."

"दाबते. आधी मला विचार, मी कशी आहे."

"काय?"

"वर्ष होत आलं. विचार, आई, तू कशी आहेस?"

"आई, तू कशी आहेस ते मला दिसावं म्हणूनच तर बसवतोय ना ते!" सोन्या वैतागून म्हणाला. आणि तो खोटं बोलत नव्हता. या वेळी त्याचा आवाज अगदी खरा होता. सिस्टरांना तो ओळखू आला आणि ओळखू आला म्हणूनच त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्याला खरोखरच असं वाटत होतं की, हे म्हणजेच आईकडे बघणं.

त्यांनी फोन त्या माणसाच्या हातात परत दिला. पदराने डोळे पुसले. लॅपटॉप जवळ ओढला आणि 'नाही' दाबलं.

माणूस गडबडला. "मॅडम, चुकून 'नाही' दाबलंत."

"चुकून नाही."

फोनमधून सोन्याचा बारीक आवाज येत होता. "हॅलो? झालं का? हॅलो, झालं का तिकडे?"

माणसाने सिस्टरांकडे पाहिलं. काय सांगू, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"सांगा तुमच्या सरांना," सिस्टर म्हणाल्या, "झालं म्हणून. आणि हात धुऊन घ्या, जेवण तयार आहे."